आई निघून गेली नव्हती

आरमोरीकडच्या आमच्या गावात तलावातली मासेमारी हाच घरचा धंदा. मी शाळेतही जात नव्हतो तेव्हा आई घर सोडून निघून गेली, असं बाबा सांगत. "तिचं मन नव्हतं इथी," एवढंच. मी तिचा राग करतच मोठा झालो.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा तिशीतच माझी बोटं सुजू लागली. सकाळी मूठ वळत नसे, जाळं विणायची सुई धरवत नसे. बाबा मला नागपूरला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून संधिवात सांगितला.

"बिडी कधीपासून ओढता?"

"मिसरूड फुटलं तवापासून."

"घरात आणखी कोणाला असा त्रास?"

बाबाच मध्ये म्हणाले, "कोणालेच नाई."

बाई म्हणाल्या, काही घराण्यांच्या रक्तातच या रोगाकडे कल असतो, आणि बिडीचा धूर त्यात भर घालतो. रक्त बदलता येत नाही, बिडी सोडता येते.

परतीच्या एसटीत बाबा माझ्या शेजारी बसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुह्या मायची बोटं अशीच वाकडी झालती."

"मंग ती निघून गेली म्हणत होता ना तू?"

"मीच पोचवून आलो तिले. गोंडपिपरीकडं, तिच्या भावाच्या घरी. तिच्याच्यानं काही काम होत नव्हतं."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"घराण्यात रोग हाय म्हटलं असतं लोकायनं. तुले पोरगी कोणं देल्ली असती?"

त्याच आठवड्यात मी मामाच्या गावी गेलो. आई ओसरीवर बसली होती. तिनं मला ओळखलं नाही. मी कोण ते सांगितल्यावर तिनं आपल्या वाकड्या बोटांनी माझी सुजलेली पेरं चाचपली आणि रडू लागली. "पोराले भेटू दे म्हणून कितीकदा निरोप धाडला तुह्या बापाले," ती म्हणाली. एकही निरोप माझ्यापर्यंत आला नव्हता.

मी बिडी सोडली. गोळ्यांमुळे बोटं जाळं विणण्यापुरती चालू लागली, पूर्वीसारखी नाही. आई आमच्या घरी यायला कधीच तयार झाली नाही, मीच जात राहिलो. बाबांना मी शेवटपर्यंत जेवू घातलं, दवाखान्यातही नेलं. पण ते काही सांगू लागले, अगदी पावसापाण्याचं का असेना, की मी ते दुसऱ्या कोणालातरी विचारून खात्री करून घ्यायचो.