कळीएवढी खिडकी

तिला सगळे घेरवाली म्हणत. तिने शिवलेला झगा घालून पोर गिरकी घेऊ लागली की पोर थांबे, घेर थांबत नसे. शिवणखोली मात्र आंधळी होती. भर दुपारीही दिवा. भिंतीपलीकडे आकाश असणार, असा तिला नुसता वहीम होता.

मशीन चोवीस हप्त्यांवर घेतलेलं. बारा भरून झाल्यावर उरलेले बारा एकदम फेडायचं तिने ठरवलं. मुदतीआधी फेडलं की व्याजात सूट मिळे. एकूण व्याज सहा हजार; निम्मी मुदत उरली, म्हणजे तीन हजार सुटणार. भिंतीत खिडकी पाडायला गवंडी तेवढेच मागत होता.

"आधी खिडकी पाड की," थोरली जाऊ म्हणाली. "हप्ते काय पळून चाललेत?"

"परक्याच्या मशीनवर टाका सरळ पडत नाही हो, जाऊबाई."

झोपेत तिला खिडकी दिसे. उजेड रिळांवरून ओघळत पायापाशी येऊन बसे.

कर्जाच्या कचेरीतल्या कारकुनाने आकडा सांगितला, "सूट पंधराशे साठ."

"आणि बाकीची कुणी गिळली, भाऊ?"

"मावशी, व्याज दर महिन्याला सारखं नसतं. आधी कर्ज मोठं, म्हणून व्याज जास्त. मग उतरत जातं. हे बघा." त्याने एका कागदावर एकावर एक चोवीस रेघा ओढल्या, खालची पहिल्या महिन्याची, सगळ्यांत लांब; वरची शेवटच्या महिन्याची, नखाएवढी.

ती बघतच राहिली. "अगंबाई, ही तर झग्याची कळी! वर निमुळती, खाली रुंद."

पिशवीतली कात्री काढून तिने रेघांच्या कडेने कागद कापला आणि बरोबर मध्यावर आडवा छेद दिला. वरचा तुकडा तळहातावर ठेवला. सगळ्या कळीच्या चतकोराहून जरासा मोठा.

"जन्म गेला कळ्या बेतण्यात. अर्धी उंची म्हणजे अर्धं कापड, असं पोरीलाही कधी म्हणू दिलं नाही. आणि इथे स्वतःच म्हणून बसले!"

"मावशी, कागदाच्या मागे माझा रजेचा अर्ज होता."

"मग आज कामच करा. फाडा पावती."

तुकडा घेऊन ती तडक गवंड्याकडे गेली. "पंधराशे साठात अशी होईल?"

"टोक वर? ही कसली खिडकी?"

"घेर खाली."

आता दुपारी त्या टोकातून उजेड उतरतो, रुंदावत जमिनीवर पसरतो. ती मशीनचा पायटा थांबवते. उजेडाचा घेर मात्र फरशीवर हळूहळू फिरत राहतो.