पानाड्याचं घड्याळ आणि आमची विहीर

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. अमडापूरजवळच्या आमच्या शेतात बाबांनी संत्र्याची रोपं लावली होती. उन्हाळ्याआधी विहीर झाली नाही तर ती वाळणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून पाणी दाखवणारा पानाड्या बोलावला. हा गृहस्थ तळहातावर नारळ ठेवून शेतभर हिंडायचा. नारळ उभा राहिला की खाली पाणी. अंगावर धातू चालत नसे. म्हणून त्यानं अंधारात चमकणारं रेडियमचं घड्याळ काढून रुमालात बांधलं. नारळ उभा राहिला तिथं खुणेला दगड रचले, गाठोडं त्यांच्या आड खोचलं आणि लिंबाखाली रोडग्यांवर आडवा हात मारायला बसला.

तेवढ्यात सरकारी जीप आली. अणुखनिजं शोधणारे पुण्याचे एक साहेब खांद्याला यंत्र अडकवून उतरले. गॅमा किरण जास्त असले की यंत्र जास्त टकटकायचं. किती ते सांगायचं. कुठून आले, ते साहेबांनी ओळखायचं. त्या दगडांपाशी यंत्र जे टकटकत सुटलं, ते थांबेना.

"इथे खाली काहीतरी मोठं आहे," साहेब म्हणाले. "वरून हुकूम येईपर्यंत कुदळ लावायची नाही."

बाबांचा चेहरा उतरला. "अन् माह्या झाडाईचं काय, साहेब?"

साहेबांना झाडांशी देणंघेणं नव्हतं. पानाड्या मात्र हाताचं तूप चाटत फुशारला, "म्या म्हटलंच होतं, इथं कायतरी हाये!" मी बी.एस्सी.ला होतो, म्हणून बाबांनी आशेनं माझ्याकडे पाहिलं. मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी गंभीरपणे मान डोलावली.

जेवण आटोपून पानाड्यानं गाठोडं सोडलं, घड्याळ मनगटावर चढवलं आणि घरची वाट धरली. दगडांपाशी यंत्र एकदम गप्प. साहेब धावत त्याच्या मागे गेले, तर टकटक पुन्हा सुरू.

"काऊन मांगं लागले बे माह्या?" पानाड्या ओरडला.

साहेबांनी घड्याळातल्या, गॅमा किरण सोडणाऱ्या रेडियमकडे पाहिलं आणि मुकाट्यानं जीपमध्ये जाऊन बसले.

विहीर तिथंच खोदली. काळा दगड लागला, पाणी लागलं नाही. वाळलेली रोपं बाबांनी स्वतःच्या हातानं उपटली. मला ते बघवलं नाही.

पुढे माझी नोकरी गॅमा किरणांचा माग काढण्यातच गेली. आमच्या काँप्टन कॅमेऱ्यात किरण एका थरात ठेच खातो, वळतो आणि दुसऱ्या थरात सापडतो. दोन्ही खुणांवरून तो साधारण कुठून आला याचा अंदाज येतो. असे हजारो अंदाज एकमेकांवर टाकले की किरण सोडणारी वस्तू कुठं आहे, किती खोल आहे, याचं चित्र उमटतं. असं एक चित्र मी म्हाताऱ्या बाबांना मोठ्या तोऱ्यात दाखवलं.

"पानी दिसते याच्यात?"

"नाही. पण बाबा, हा कॅमेरा तेव्हा असता तर ते घड्याळ जागच्या जागी सापडलं असतं."

बाबांनी चित्र माझ्या हातात परत दिलं.

"घड्याळ कुठं हरपलं होतं बे? हरपलं होतं ते पानी."