दोष बाहेरचा आहे

भूत, भानामती, 'जागा वाईट आहे'... असलं सांगणाऱ्यांची मला कीव येते. आजही येते. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणी अक्कल शिकवायला येणार नाही.

९८-९९ची गोष्ट. वसईजवळ गोखिवऱ्याला औषधांचं एक गोदाम, सहा कॉम्प्युटर, एक सर्व्हर. रोज दुपारी बाराला डेटाबेस मरगळायचा. एका गोळीचा साठा दाखवायला तीन मिनिटं! मग आपोआप ठीक. आधीच्या दिवट्या इंजिनिअरने सर्व्हरची मेमरी वाढवून ठेवली होती. मग गोदामाच्या शेठनी मला बोलावलं. मी बाराला सर्व्हर तपासला, तर तो निवांत.

शेठना म्हटलं, "सर्व्हर चांगला आहे. दोष बाहेरचा आहे."

बाहेरचा! संध्याकाळी बघतो तर सर्व्हरला लिंबू-मिरची. अशा लोकांना कॉम्प्युटर विकणाऱ्यालाच धरायला हवं.

बाहेरचा म्हणजे केबलचा. तेव्हा एकच केबल सगळ्या कॉम्प्युटरमधून फिरायची. एका जागी दबली की सगळे रडायचे. ती जमिनीवरून, ऑपरेटर फिलोमिनाबाईंच्या खुर्चीमागून गेली होती. बाई वसईगावच्या, ख्रिस्ती. गोदामात चर्चची बाराच्या प्रार्थनेची घंटा ऐकू यायची नाही, म्हणून घड्याळ बघून बरोबर बाराला उभ्या राहून प्रार्थना करायच्या. बाई उभ्या, खुर्ची मागे, चाक केबलवर. संपलं भूत! सगळ्यांसमोर टेचात सांगितलं मी.

"पण सर, मी खुर्ची टेबलाखाली सरकवून उभी राहते," बाई म्हणाल्या.

मी हसलो. बाराला मी आतल्या खोलीत सर्व्हरपाशी असायचो. बाईंना उभं राहताना कधी बघितलंच नव्हतं. शेठनी त्याच दिवशी त्यांना काढलं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी केबल भिंतीवरून नेली आणि बाराला शेठना घेऊन बाईंच्याच टेबलाशी उभा राहिलो. रिकामी खुर्ची टेबलाखाली होती. बारा वाजले... स्क्रीन अडकला. सहाच्या सहा. तीन मिनिटांनी पुन्हा सुरळीत.

आठवडाभर सगळं तपासलं — नेटवर्क कार्ड, अँटीव्हायरस, व्होल्टेज, शेजारच्या गाळ्यातलं मशीनसुद्धा. कारण असणारच, मला आजतागायत सापडलेलं नाही. बाईंना परत बोलवा म्हटलं, तर शेठनी 'बघू' म्हणत लिंबू तेवढं बदललं.

शेवटी मी बाईंच्या घरी गेलो. लाज वाटत होती. त्यांनी पाणी दिलं. डेटाबेसचं काय झालं, हे विचारलंही नाही.

"खुर्ची मी सरकवत होते, सर. तेवढं चारचौघांत सांगा."

तेव्हा माझी जीभ रेटली नाही. आज सांगतो... खुर्ची त्या सरकवत होत्या.