कुंदाताईंच्या दाराचं रशियन कुलूप

कुंदाताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी यजमानांकडे नाही, दाराच्या कुलपाकडे बघायच्या. साउथहॅम्प्टनला आल्यावर मी पहिलं भाड्याचं घर घेतलं आणि हौसेनं त्यांना चहाला बोलावलं. बाई उंबऱ्यातच वाकल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "रेवती, हे कुलूप नाही गं, ही चोराला लिहिलेली विनंती आहे." मग आत येऊन माझे पोहे मात्र दोनदा मागून घेतले.

आमच्या हॉस्पिटलात त्या भूल द्यायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांचा आवाज कधी चढला नाही. मी मॉनिटरवरचे आकडे बघत बसले की म्हणायच्या, "आकडे नंतर बोलतात. आधी पेशंट बोलतो. त्याच्याकडे बघ." हेच कान आणि हीच बोटं घेऊन त्या निवृत्तीनंतर कुलपांच्या मागे लागल्या. जेवणाच्या टेबलाला शिकंजा लावलेला, त्यात एखादं कुलूप धरलेलं, हातात तारा, आणि समोर टीव्हीवर बागकामाचा कार्यक्रम. इतर बायका लोकरीचं विणकाम करतात तशी ही बाई कुलपं उघडायची. बहुतेक इंग्लिश कुलपं चहा निवायच्या आत शरण यायची.

शरण आलं नाही ते फक्त रशियन. कुंदाताईंचं वैद्यकीय शिक्षण रशियात झालेलं. काही वर्षांपूर्वी त्या तिकडे जुन्या मैत्रिणीकडे राहून आल्या. दुसऱ्या कुणी येताना लाकडी बाहुल्या आणल्या असत्या, ह्यांनी दोन कुलपं आणली. विटेएवढी जड. एक दाराला, एक खेळायला. घरमालकीण स्वतःच असल्यामुळे दार पोखरायला कुणाची परवानगी लागली नाही, पण सुतार मात्र बराच कुरकुरला म्हणे.

टेबलावरच्या कुलपाचं झाकण काढून त्या मला आतलं जग दाखवायच्या. किल्ली वीतभर लांब, दोन्ही बाजूंनी दाते, माशाच्या काट्यासारखी. आत पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या. प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीला आली तरच जाड दांडे सरकणार, केसभर इकडेतिकडे चालणार नाही. पुढून ड्रिल लागू नये म्हणून कडक पोलादाचा पत्रा. पण बाईंचा जीव जडला होता तो पट्ट्यांमधल्या खोट्या खाचांवर. "हे बघ, चोर तार घालून पट्टी उचलतो. ती कुठेतरी बसल्यासारखी वाटते. त्याला वाटतं, जमलं! अरे बाबा, काही जमलेलं नसतं. खोट्या खाचेत अडकलायस तू. ज्यानं हे डिझाइन केलं ना, तो चोराच्या डोक्यात जाऊन बसला असणार. मला एकदा भेटायचंय त्या माणसाला." झाकण बसवून पुन्हा तारा घालायच्या, हरायच्या आणि खूश व्हायच्या. हरल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यांचे यजमान विनायकराव बंदरातल्या कंटेनरच्या क्रेनवर इंजिनिअर होते. मृदू बोलणारे, सावकाश हसणारे. त्यांना विसरायला होऊ लागलं आणि पाठोपाठ चोरांची भीती बसली. मग दारावरचं ते कुलूप हाच त्यांचा आधार झाला. संध्याकाळी स्वतः आतून किल्लीचे चार वळसे द्यायचे. खट, खट, खट, खट. मग म्हणायचे, "आता मुंगी येणार नाही," आणि निवांत जेवायला बसायचे. ते कुलूप आता घरात नको, असं मी कुंदाताईंना स्पष्ट सांगितलं होतं. कारण आतून किल्ली भोकात असली की बाहेरची किल्ली शिरतच नाही. त्या म्हणाल्या, "मी जन्मभर लोकांना औषधानं झोपवलं. ह्याला त्या आवाजानं झोप लागते. तो कसा काढून घेऊ?"

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कुंदाताईंनी आयुष्यात कधी उखाणा घेतला नव्हता. लग्न रजिस्टर्ड. नंतर पुण्याला सासरी गेल्या तेव्हा नणंद दार अडवून उभी राहिली, नाव घेतल्याशिवाय आत सोडेना. ह्या सरळ टॅक्सीकडे परत निघाल्या. शेवटी विनायकरावांनीच बहिणीची समजूत काढली, "घेईल गं पुढे कधीतरी, मी हमी देतो." इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका मागे लागल्या की कुंदाताईंचं उत्तर ठरलेलं: "सही केलीय, तेवढं पुरे." विनायकराव ही हकीकत रंगवून सांगायचे. पुढे पुढे सांगेनासे झाले. आम्हाला वाटलं, तीही आठवण गेली.

एका शनिवारी दुपारी मी कुंदाताईंना भाजी घेऊन घरी सोडत होते. तासाभरासाठी शेजारचा ब्रायन विनायकरावांपाशी बसला होता. आम्ही पोचलो तर ब्रायन हातात चहाचा मग घेऊन पायरीवर उभा. तो ओशाळून म्हणाला, "मला घरी जा म्हणाले. मी बाहेर पाय ठेवला आणि मागे खटखट ऐकू आलं."

कुंदाताईंनी दारातली पत्रपेटीची झडप उचलली. जळक्या दुधाचा वास बाहेर आला. गॅस चालू होता. तेवढ्यात आत धुराचा अलार्म किंचाळू लागला. मी आणीबाणीच्या ९९९ नंबरला फोन लावला. दार तोडायला लागणार हे उघड होतं, आणि ह्या दाराला किती वेळ लागेल ते कुंदाताईंइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी पर्समधून तारा काढल्या, भोकातलं किल्लीचं टोक पाहिलं आणि तारा परत ठेवल्या. 

"विनायक, दार उघड. मी कुंदा."

"कुंदा हॉस्पिटलात गेलीय. चोर असंच सांगतात."

"अरे, मीच आहे रे! आधी गॅस बंद कर."

आत फक्त अलार्म. मग विनायकरावांचा आवाज अगदी दाराजवळून आला, थोडा लबाड, थोडा घाबरलेला. "कुंदा असशील तर नाव घे. तेव्हा राहिलंय तुझं."

मी कुंदाताईंकडे पाहिलं. त्या कमरेत वाकून उभ्या होत्या, तोंड झडपेशी. डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"रशियन कुलपाच्या आत पोलादी पट्ट्या आठ,
विनायकरावांचं नाव घेते, उभं राहून दुखली पाठ!"

 मग आतून हसू ऐकू आलं, त्यांचं जुनं सावकाश हसू, आणि मग खट, खट, खट, खट. मी धावत जाऊन गॅस बंद केला. अग्निशमनवाले आले तेव्हा खिडक्या उघड्या होत्या आणि विनायकराव बायकोचा हात धरून बसले होते. एका जवानानं दाराकडे बोट दाखवून हे काय प्रकरण आहे असं विचारलं, तर बाईंनी तशा अवस्थेतही त्याला खोट्या खाचा समजावून सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूप दारातून काढलं, शिकंज्यात धरलं आणि करवतीनं त्याचे दांडे कापून टाकले. ज्या कुलपाचं इतकं कौतुक केलं त्याचे दांडे! मला पाहवेना. कापलेलं कुलूप पुन्हा दारात बसवलं. आता किल्ली फिरायची, चार आवाज व्हायचे, पण अडायचं काहीच नाही. बाहेरून उघडायला वरचं साधं लॅच तेवढं उरलं. विनायकराव रोज वळसे देऊन सुखानं झोपत. "आता हे कुलूप चोरासाठी नाहीच," कुंदाताई म्हणाल्या. "जो आत आहे त्याच्यासाठी आहे." बाईंबद्दल मला आदर होताच. त्या दिवशी तो दुप्पट झाला.

लॅचची किल्ली पर्समध्ये असूनही त्या तेव्हापासून दरवेळी बेल वाजवायच्या. आतून "नाव घे" आलं की रस्त्यावर उभ्या राहून उखाणा घ्यायच्या. कधी नवा, बहुतेकदा तोच. ब्रायन कुंपणापलीकडे गुलाब छाटता छाटता ऐकायचा.

विनायकराव गेल्या हिवाळ्यात गेले. स्मशानातून परत आलो तेव्हा आम्ही तिघंच होतो, कुंदाताई, मी आणि काळा कोट घातलेला ब्रायन. दिवसभर त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. दाराशी आल्या आणि सवयीनं बेल वाजवली. मी त्यांना धरायला पुढे झाले. त्या ओठातल्या ओठात म्हणाल्या, "विनायकरावांचं नाव घेते..." आणि थांबल्या. पुढचं येईना.

मागून ब्रायन हळूच म्हणाला, "उबं राहून दुकली पाट."

कुंदाताई आधी हसल्या. मग दारावर कपाळ टेकवून रडल्या, आणि रडत रडतच त्यांनी पर्समध्ये लॅचची किल्ली शोधली.