तोतया पंचमी

सासूने सुनेवर संशय घ्यावा, सावकाराने कुळावर घ्यावा, गोऱ्या साहेबाने आपल्या सगळ्यांवर घ्यावा, ही जगरहाटीच आहे. पण पंचांगातल्या एका तिथीवर जन्मभर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवणारा माणूस त्रिभुवनात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. साडू हे नातं मुळातच अवघड. बायकोच्या माहेरी पानावर बसताना कुणाच्या पाटापुढे रांगोळी दाट, हे तिरक्या नजरेने बघण्यात आयुष्य जायचं. पण आमच्या थोरल्या साडूंना माझ्यावर संशय घ्यायला सवडच मिळाली नाही. त्यांचा सगळा संशय वैशाख वद्य पंचमीने खाऊन टाकला होता.

नाशकात भांडीबाजारात त्यांचं तांब्यापितळेचं दुकान होतं. माणूस मोठा देखणा, गोरापान, कपाळाला गंध, अंगात पांढराशुभ्र सदरा. आणि बोलायला लागले की शेजारी कुणीतरी आडोशाला उभं राहून ऐकतंय असा आवाज. पंचमीचं नाव ते शक्यतो घेत नसत. ‘ती’ म्हणत. “साडूभाऊ, यंदा ती मंगळवारी येतेय,” असं त्यांनी मला पहिल्यांदा कानात सांगितलं तेव्हा माझं नवीनच लग्न झालं होतं, आणि मी भलताच अर्थ घेऊन आठवडाभर अक्कांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीच्या, नजरेला नजर देत नव्हतो. पुढे उलगडा झाला. त्यांच्या मते इतिहासात जे जे वाईट घडलं त्यातलं निवडक सगळं याच दिवशी घडलं होतं. कुठल्याशा किल्ल्यावरचं दारूकोठार याच दिवशी उडालं. कुणा संस्थानिकाचा हत्ती याच दिवशी पिसाळून मुदपाकखान्यात शिरला. गुळाच्या गाड्या कसारा घाटातून दरीत गेल्या त्या याच दिवशी, आणि गंगेवर यात्रेकरूंची नाव उलटली तीही याच दिवशी. गंगा म्हणजे आमची गोदावरीच. नाशिककराला दुसरी गंगा ठाऊक नाही.

हा माल ते गोळा कसा करत हे पाहण्यासारखं होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याला हंडा-कळशी दाखवायच्या आधी ते गाव विचारत आणि मग हळूच, “तुमच्याकडे वैशाखात कधी काही झालं होतं का हो?” एकदा चांदवडकडचा एक शेतकरी घंगाळ घ्यायला आला होता. मी तिथेच बसलो होतो.

“काय व्हनार? म्हस पडली व्हती हिरीत,” तो म्हणाला.

“वैशाखात?”

“उन लय व्हतं. वैशाखच म्हना.”

“शुद्धात की वद्यात?”

“ते कुठं ध्यानात राहातंय? पन रातचं दोर घेऊन गेलो तवा अंधार व्हता, चांद मागून निघाला.”

“मागून म्हणजे मध्यरात्रीच्या आधी ना?” साडूंचे डोळे चमकले. “मग पंचमीच!”

त्या दिवसापासून ती म्हैस दारूकोठार आणि हत्तीच्या पंगतीत जाऊन बसली. घंगाळ मात्र त्या भल्या माणसाला पडत्या भावाने मिळालं, त्यामुळे त्यानेही तक्रार केली नाही. उलट जाताना म्हणाला, “आनखी बी काय झालं आसंल, घरी इचारून येतो.”

विलायतेकडची एखादी बोट बुडाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली की साडू ती तारीख घेऊन जोशीबुवांकडे धावत. जोशीबुवा त्यांचे शेजारी, स्वभावाने गरीब. जुनी पंचांगं काढून तारखेची तिथी करून देत. एकदा मी वैतागून म्हणालो, “अहो, ते लोक तिथी पाळतात तरी का?”

“पाळत नाहीत म्हणूनच बुडाले ना!” साडू म्हणाले.

आणि पंचमी जुळली नाही तरी ते हार खात नसत. जोशीबुवांनी चतुर्थी सांगितली की “घडी-पळांचा घोळ असेल” म्हणायचे. षष्ठी सांगितली की “आदल्या दिवशी भोक पडलं असणार, बुडायला वेळ लागला.” एका साली तर पंचमीचा क्षय होता. म्हणजे तिथी सूर्योदयाला लागलीच नाही, चतुर्थीनंतर एकदम षष्ठी. आपल्याला वाटावं, सुटले बिचारे. छे! त्या साली त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “चोर दिसतो तोवर बरा, साडूभाऊ. हा न दिसता घरात शिरलाय,” म्हणून चतुर्थीलाच त्यांनी दुकानाला कुलूप घातलं.

आणि प्रत्यक्ष त्या दिवशी घरात काय थाट! चूल बंद; आदल्या दिवशीच्या दशम्या आणि दही. विळी-कोयता न्हाणीघरात कोंडलेला. विहिरीचा रहाट दोराने बांधलेला. माळ्यावरची जड भांडी खाली आणून जमिनीवर पालथी घातलेली, त्यामुळे जो तो त्यांनाच अडखळून पडायचा. आणि पडला की साडू बाकीच्यांकडे ‘पाहिलंत?’ अशा नजरेने बघायचे. एकदा मी न कळून त्या दिवशी आंबे घेऊन गेलो. दार किलकिलं झालं. “आजच कसे आलात?” हा पहिला प्रश्न. “कुणी पाठवलं?” हा दुसरा. आंबे बाहेरच ओट्यावर ठेवायला लावले आणि मला आत घेऊन भिंतीपासून लांब बसवलं. भर उन्हाळ्यात बाहेर पान हलत नव्हतं, तर म्हणाले, “वारा का पडलाय सांगा बरं? दबा धरलाय.” पलीकडे अक्का दशमी मोडत शांतपणे म्हणाल्या, “वारा सुटला असता तर वाऱ्यावर संशय घेतला असता. तुम्ही जेवा भावोजी.”

आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो. अक्का मात्र हसत नसत, कारण त्यांना मूळ ठाऊक होतं. एका वर्षी त्यांनीच मला ते सांगितलं. साडू विशीत असताना त्यांच्या जिवलग मित्राचं लग्न सिन्नरकडे वैशाख वद्य पंचमीला ठरलं होतं. वऱ्हाड बैलगाड्यांतून निघालं. नवरदेव पुढच्या गाडीत, हे मागच्या. वाटेत वळवाचा पाऊस कोसळला आणि कोरड्या ओढ्याला बघता बघता लोंढा आला. पुढची गाडी पाण्यात होती, मागची काठावर. इतकंच. दारूकोठार, हत्ती, म्हैस, सगळ्यांची नावं घेणारा हा माणूस त्या मित्राचं नाव कधी घेत नसे. ते ऐकल्यावर माझं हसणं थोडं कमी झालं. बंद झालं असं म्हणवत नाही, कारण साडू हसवायचे थांबले नाहीत.

त्यांना एकच मुलगी, शांता. बापासारखी देखणी आणि आईसारखी शांत. तिचं लग्न म्हणजे आमच्या घराला लागलेला घोर होता. एका स्थळाच्या गावी पंचमीला आग लागली होती म्हणून नकार, दुसरा मुलगाच पंचमीचा जन्मलेला निघाला म्हणून नकार. मग सिंहस्थ आला, त्यात लग्नं नाहीत. शांताने विशी गाठली. त्या काळी विशीतली मुलगी घरात असली की गल्लीतल्या बायका कुंकू लावतानासुद्धा सुस्कारा टाकत. अशात मनमाडचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत नोकरीला, सालस, निर्व्यसनी. आणि मुख्य म्हणजे शांताला मनापासून आवडलेला. हे तिने आपल्या मावशीला, म्हणजे आमच्या हिला, सांगितलं होतं. ही मला म्हणाली, “हे स्थळ भावोजींनी मोडलं ना, तर मी त्यांच्या दुकानात जाऊन बसेन, आणि तीही पंचमीला!”

त्या साली अधिक वैशाख आला होता. अधिक महिना म्हणजे एकाच नावाचे दोन महिने, आधी अधिक आणि मग निज. साहजिकच पंचम्याही दोन. साडूंनी अधिकातली पंचमी नेहमीच्या बंदोबस्तात काढली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी स्वारी इतकी खुशीत की स्वतः पेढे घेऊन आमच्याकडे आली. “गेली! यंदाची गेली!” आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात व्याही मुहूर्त घेऊन आले. निज वैशाख वद्य पंचमी, गोरज. मी डोळेच मिटून घेतले. आता हा माणूस उठतो आणि पाहुण्यांना ओट्यावर काढतो! पण साडू म्हणाले, “पंचमी? काहीच हरकत नाही. यंदाची आम्ही पार पाडलीय.” सुपारी फुटली. व्याही काय पार पाडलं ते न कळून गोड हसले. अक्कांनी देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी साडू ही चतुराई सांगायला जोशीबुवांकडे गेले, आणि त्या सरळमार्गी ब्राह्मणाने, काही मनात नसताना, शास्त्र सांगितलं. “अधिक म्हणजे मलमास हो. त्यातली तिथी जमेला धरत नाहीत. वर्षश्राद्ध आपण निजात करतो, वाढदिवस निजात करतो. खरी पंचमी अजून यायचीय.”

साडू तिथून तडक माझ्याकडे आले. चेहरा पांढराफटक. “साडूभाऊ, घात झाला. तोतया होती ती! तोतया पंचमी पुढे धाडून तिने माझ्याकडून शब्द काढून घेतला. खरी मागाहून येतेय, माझ्या शांताच्या बोहल्यावर.” आणि हा धिप्पाड माणूस माझ्या ओटीवर बसून लहान मुलासारखा रडला. मला हसूही येईना आणि धीरही देता येईना.

मुहूर्त बदलावा तर वाट नव्हती. निजातले बाकीचे मुहूर्त मुलाच्या रजेत बसत नव्हते. ज्येष्ठात ज्येष्ठ अपत्याचं लग्न करत नाहीत. मग आषाढ, मग चातुर्मास. आणि व्याह्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की दुसरं स्थळ सांगून आलेलं आहे, तुमचा शब्द फिरला तर आम्ही मोकळे. साडूंनी अन्न सोडलं. ‘नाही’ म्हणायला ते मनमाडला निघालेही. टोपी घातली, जोडे घातले. तेव्हा शांता दारात येऊन उभी राहिली. बापापुढे कधी मान वर न करणारी पोर.

“अप्पा, मला जायचंय त्या घरी.”

“तुझ्यासाठीच चाललोय मी.”

“मला ठाऊक आहे. पण तुम्ही मला घरात ठेवलंत तरी पंचमी दर साल येणारच. मला काय होईल याची तुम्हाला भीती वाटते. मला भीती वाटते ती जन्मभर इथे बसून तुमची भीती बघण्याची.”

साडूंनी जोडे काढले. “आईला सांग,” ते म्हणाले, “आचारी बघायला हवा.”

लग्न झालं ते असं. मांडवाच्या प्रत्येक खांबाशी पाण्याची घागर, आगीसाठी. वैद्यबुवा पहिल्या पंगतीला, मुलाच्या मामांच्याही आधी, त्यावरून मामा रुसले. पंगतीत मठ्ठा वाढण्याआधी साडूंनी स्वतः पिऊन पाहिला आणि थोडा वेळ वाट बघितली. अंतरपाट धरला तेव्हा पश्चिमेला आभाळ भरून आलं. ढग वाजला. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. साडू मांडवाचा मुख्य खांब दोन्ही हातांनी मिठीत घेऊन उभे होते, ‘आता ये, बघतो तुला’ अशा चेहऱ्याने. चार थेंब पडले, मातीचा वास सुटला आणि आभाळ मोकळं झालं. कुणाला साधा ठसका लागला नाही.

तरी वऱ्हाड अजून रात्रीच्या गाडीने जायचं होतं. नाशिकरोडला साडू शांताला डब्यात बसवून थेट इंजिनाकडे गेले. मी मागे धावलो. ड्रायव्हर दाढीवाले, वयस्क मियाँ होते. साडू हात जोडून म्हणाले, “मियाँसाहेब, गाडी जरा सांभाळून. माझी मुलगी आहे आत.”

मियाँनी वाकून बघितलं. “फिकर मत करो सेठ. मैं भी अपने घर ही जा रहा हूँ.”

हे उत्तर साडूंना फार पटलं. सबंध आयुष्यात त्यांनी संशयाशिवाय ऐकलेलं ते पहिलं वाक्य असावं. गाडी सुटली. लाल दिवा दिसेनासा झाला तरी ते हलेनात. मी म्हणालो, “चला, गेला की दिवस सुखरूप.” ते म्हणाले, “लबाड आहे हो. कुणाला ओरखडाही न काढता घेऊन गेली.”

पुढे बंदोबस्त ढिला झाला. चूल पेटू लागली, भांडी माळ्यावरच राहिली. पण यादी सांगण्याची सवय सुटली नाही. दुकानात नवं गिऱ्हाईक दिसलं की कोठार, हत्ती, नाव, म्हैस, आणि शेवटी आवाज आणखी उतरवून, “आणि त्याच दिवशी आमची शांता गेली.” ऐकणारा बिचारा कळशी खाली ठेवायचा. “अरे देवा! काय झालं होतं?” “लग्न,” साडू म्हणायचे. “मनमाडला असते.”

एकदा मी चिडलोच. शांता माहेरपणाला येऊन आठवडाभर राहून सकाळच्याच गाडीने परत गेली होती, आणि यांचं दुकानात पुन्हा तेच. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणालो, “अहो, चांगली सुखात नांदतेय पोर. तिला त्या बुडालेल्यांच्या आणि जळालेल्यांच्या ओळीत काय बसवता? शोभतं का तुम्हाला?”

साडू रागावले नाहीत. फडक्याने एक लोटी पुसत राहिले.

“ते सगळे एकदाच गेले, साडूभाऊ,” ते म्हणाले. “ही दर वेळी येते, आणि दर वेळी जाते.”

मीही एक फडकं घेतलं आणि त्यांच्या शेजारी भांडी पुसत बसलो.