गादीवाल्याची होडी

धक्क्यावर त्याला सगळे गादीवाला म्हणत. धंदा मात्र होडीचा. नदीच्या या काठची माणसं त्या काठाला पोचवायची. होडी लाकडी, वडिलांच्या हातची. तिला नुसता ओरखडा उठला तरी हा दिवसभर त्यावर हात फिरवत बसायचा. म्हणून तिच्या दोन्ही अंगांना त्याने काय काय लटकवलेलं असे! झिजलेले टायर, चिंध्या ठासलेली पोती, आग विझवायच्या पाइपाचे तुकडे, एक फुटका फुटबॉलसुद्धा. गॅरेजमध्ये एखादा टायर शेवटच्या घटका मोजू लागला की पहिला निरोप यालाच. घरी पाहुण्याने उशी मागितली तर बायको म्हणे, "होडीवर असेल, आणून देते."

म्हणायची खरी, पण पोती शिवायची तीच. जाड कापड, दाभण, मेण लावलेला दोरा.

"टाके जवळ घाल, पाणी शिरतं," तो डोक्यावर उभा राहून सांगे.

"तुम्ही होडी चालवा," ती म्हणे.

त्याची एक खोड मात्र काही केल्या जात नव्हती. होडी आपटणार असं दिसलं की गड्याचा पाय आपोआप मध्ये जायचा. दोनदा अंगठा चेचला, एकदा घोटा मोडला. प्लास्टरमधला पाय पुढे पसरून हा म्हणतो कसा, "फळी वाचली ना, मग झालं तर." आता याला काय म्हणावं! बायको आणखी एक पोतं शिवायला घेई.

त्या दिवशी परवान्याची तपासणी होती. फळी फुटकी निघाली तर होडी बंद. तपासनिसाला नवा रंग नीट दिसावा म्हणून या शहाण्याने सगळं लटांबर उतरवून ठेवलं होतं. बायको एक पोतं हातात घेऊन धक्क्यावर उभी होती. इतक्यात वाऱ्याने रेटलेली मोठी लाँच घसरत आली आणि तिने होडीला धक्क्याकडे ढकललं. होडीचं नाक दगडी कोपऱ्यावर जाणार हे दोघांनाही दिसलं. हा होडीच्या मध्यावर होता; तिथूनच याचा पाय गेला मध्ये, होडी आणि धक्क्याच्या फटीत.

"पाय!" बायको ओरडली आणि पोतं तिने थेट त्याच्या पायावर फेकलं. पाय मागे सरला, फटीत पोतं चेंगरलं. नाक मात्र कोपऱ्यावर आदळून फळी उभी फुटली.

"अगं, नाकाकडे टाकायचं ना!" तो कळवळला. "होडी तिकडे आपटत होती, दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"पोती मी होडीसाठी कधी शिवली होती?"

वीसेक पोती तरी झाली असतील आजवर. त्याने फटीतलं चेंगरलेलं पोतं ओढून काढलं आणि काखेत धरलं.

तपासनिसाने महिनाभर होडी बंद म्हणून लिहिलं. गादीवाल्याने हुज्जत घातली नाही.

"चल," तो बायकोला म्हणाला, "पाय वाचला ना, चालत जाऊ घरी."