पडद्यावर लावलेला ताईचा रिपोर्ट

ताईच्या मेंदूतली गाठ काढली, रेडिएशन झालं, आणि पुढच्या एमआरआयत पुन्हा पांढरा डाग दिसला. ताई नामपूरला शाळेत शिकवायची. मी तेव्हा नाशिकला इंदिरानगरमधल्या एका स्कॅन सेंटरवर टेक्निशियन होते. तिचा स्कॅन मीच काढला. मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "सर, हा डाग मला बरा दिसत नाही."

"तू मशीन चालव. वाचायला मी आहे." त्यांनी रिपोर्टात लिहिलं, रेडिएशनचा परिणाम, काळजीचं कारण नाही.

गाठच परत आली होती. ते कळेपर्यंत ताईची वाचा गेली होती. ती पाटीवर लिहून दाखवायची, मग तेही थांबलं. उन्हाळ्यात ती गेली.

मी नोकरी सोडून पुन्हा शिकायला लागले. लोकांना वाटलं, सावरतेय. मला फक्त त्या माणसाला खोटं पाडायचं होतं. आता मी ज्या गटात आहे तिथे एमआरआयवरून मेंदूतल्या प्रथिनांचं प्रमाण आकड्यांत काढतात. जिवंत गाठ आणि रेडिएशनने मेलेला भाग यांचे आकडे बहुधा वेगळे पडतात. पूर्वी त्यासाठी पेशंटला इतका वेळ मशीनमध्ये ठेवावं लागे की कुणी त्या वाटेला जात नसे. आम्ही स्कॅनमध्ये मिळतात तसे असंख्य कृत्रिम सिग्नल तयार करून त्यांवरून आकडे ओळखायला संगणकाला शिकवलं. आता काही मिनिटांचा स्कॅन पुरतो.

मागच्या वर्षी हे नाशिकच्या डॉक्टरांना दाखवायला गेले. सेंटरवरचे ते मोठे डॉक्टर पहिल्या रांगेत बसले होते. मी सुरुवातीलाच ताईचा रिपोर्ट पडद्यावर लावला. नाव झाकलं होतं, सही मुद्दाम उघडी ठेवली होती.

"ही पेशंट कोण?" त्यांनीच विचारलं.

"माझी बहीण."

त्यांनी सहीकडे बघितलं. "तेव्हा हे तंत्र नव्हतं."

"नव्हतं, सर. पण 'नक्की सांगता येत नाही' एवढं लिहिता येत होतं."

मग मी आमचे आकडे दाखवले. प्रत्येक आकड्यापुढे त्याची खात्री किती, हेही संगणक लिहितो. तो रकाना मी भांडून घालून घेतला होता.

चहाच्या वेळी ते जवळ आले. "चुकलं माझं," म्हणाले. मी मान हलवली नाही, बसा म्हटलं नाही. ते कप तसाच ठेवून निघून गेले.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "त्याचं तोंड कसं झालं होतं?"

मी सांगितलं. तिने परत सांगायला लावलं.